फियाट ११०० डिलाईट: अंगणातलं गंजपुराण

अर्धापाना (धागाकर्ता)

या फोरमवरच्या जुन्या गाड्यांच्या धाग्यावर (चर्चेत) माझ्यामुळे अवांतर फार व्हायला लागलं, म्हणून हा वेगळा संसार थाटतोय.

गाडी १९६९ ची फियाट ११०० डिलाईट, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली. मूळ मालक बायकोचे मामा, मुक्काम वेंगुर्ला. मामांचे गुडघे क्लच दाबायला नाही म्हणू लागले तेव्हा गाडी मांगरात (झावळ्यांच्या गोठ्यात) गेली आणि तिथेच राहिली. वर झावळ्या, खाली शेणाची जमीन, समोर हाकेच्या अंतरावर समुद्र. आता ती टेम्पोवर बसून आंबोलीचा घाट चढून, आजरा-गडहिंग्लज करत कोल्हापुरात आमच्या अंगणात आली आहे. मी मेकॅनिक नाही. हिशेबाच्या टेबलावर नोकरी करतो. पाने-स्क्रूड्रायव्हर हातात धरायची हौस पहिल्यापासून आहे, एवढंच भांडवल.

ज्यांना डिलाईट आठवत नाही त्यांच्यासाठी: पद्मिनीची थोरली बहीण. १९६४ पासून हे मॉडेल इथे बनत होतं, पुढे प्रेसिडेंट आली आणि १९७४ च्या सुमाराला तिचीच पद्मिनी झाली. १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यावर गियर, पुढे सलग बाकडं. आणि या धाग्याच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हिला जीप-ॲम्बेसेडरच्या गप्पांत निघते तशी वेगळी चासी नाही (ॲम्बेसेडरलाही नाही, पण तो वाद नंतर). पत्रा हाच सांगाडा. म्हणजे खालचा पत्रा गेला की नुसतं रूप जात नाही, गाडीचं बळ जातं.

आल्या आल्या सगळे विचारतात, "रंग कुठला देणार?" रंगाला अजून फार वेळ आहे. आधी टोचणं. एका हातात बोथट स्क्रूड्रायव्हर, दुसऱ्या हातात हलकी हातोडी, आणि गाडीखाली सतरंजी. ठोकत जायचं आणि ऐकायचं. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला थपथप वाजतो. थपथप वाजलं की टोचायचं. बॉनेट, छप्पर, डिकीचं झाकण धडधाकट निघालं. दोन्ही बाजूंची पायदानं (दारांखालची ती लांब पोकळ पेटी), ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा, मागच्या मडगार्डच्या आतल्या कडा आणि बॅटरीचं ताट, यांची चाळण. मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बॉडीला लागतात तिथला पत्रा मात्र जाड राहिला आहे. तो गेला असता तर मी गाडी परत पाठवली असती.

आता खरी गोष्ट. डाव्या पुढच्या दाराला खालच्या कडेला रुपयाएवढा फुगवटा होता. आतलं रेक्झिनचं पॅनल काढलं. दाराच्या तळाला पाणी निघून जायला कारखान्याने भोकं ठेवलेली असतात, कारण काचेच्या रबराशेजारून पावसाचं पाणी दारात उतरणारच, ते अडवायची कुणाची अपेक्षाच नसते. ही भोकं लाल मातीने आणि कुंभारमाशीच्या घरट्याने गच्च बुजलेली. घरटं खरवडलं तर आत वाळलेल्या अळ्यांची टरफलं, आणि त्याखाली ओल. होय, ओल, भर एप्रिलात. खारट मातीत ओल धरून राहते आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. रंग फुगलेला आपल्याला दिसतो तो शेवटचा टप्पा.

म्हणून माझं धोरण असं ठरलं आहे: प्रत्येक गंजाच्या डागाला आधी विचारायचं, पाणी आलं कुठून आणि अडकलं कुठे. ते कळल्याशिवाय तिथे ना वेल्डिंग, ना लांबी (खड्डे बुजवायची पुटी). नाहीतर दोन पावसाळ्यांत तोच डाग त्याच जागी परत उगवतो आणि आपण रंगाऱ्याच्या नावाने बोटं मोडतो.

सुट्या भागांचा गंज काढायला दोन उपाय चालू आहेत.

एक, काकवी. हसू नका. काकवी किंवा मळी पाण्यात मिसळायची, एकास नऊ, आणि बिजागऱ्या, ब्रॅकेट, नटबोल्ट त्यात आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवायचे. गंज सुटून येतो, चांगलं लोखंड जवळपास तसंच राहतं. वास मात्र असा की शेजारच्या काकूंनी भिंतीवरून दोनदा चौकशी केली. झाकण हवंच, नाहीतर माश्यांची जत्रा.

दोन, वीज. प्लास्टिकच्या टबात पाणी, चार-पाच लिटरला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा, आणि बॅटरी चार्जर. ऋण टोक गंजलेल्या भागाला, धन टोक टाकाऊ लोखंडी पट्टीला. दोन्ही एकमेकांना चिकटू द्यायचे नाहीत. बुडबुडे येऊ लागतात, पाण्यावर तपकिरी साय धरते, सकाळी भाग बाहेर काढून ब्रश मारला की गंजाची काळी राख निघून खाली करडं लोखंड दिसतं. ती पट्टी स्टेनलेस स्टीलची कधीच घेऊ नका, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. आजकालचे हुशार चार्जर समोर बॅटरी नाही म्हणून चालूच होत नाहीत, त्यामुळे जुना ट्रान्सफॉर्मरवाला जड चार्जर शोधा.

दोन्हींतून बाहेर काढलेला भाग तासाभरात पुन्हा तांबूस होतो. धुवा, लगेच वाळवा, लगेच प्रायमर मारा. चहा नंतर.

फोटो चढवतोय, एक-दोन उलटे चढलेत, मान वाकडी करून बघा.

चौथा_गियर

पहिला! जागा राखून ठेवतो.

बाकडं आणि दांड्यावरचा गियर वाचून डोळ्यांसमोर काळी-पिवळी आली. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली होती, टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा, त्यामुळे २०२३ च्या ऑक्टोबरात तो अध्याय संपला. पण मालकांना सांगतो, त्या टॅक्स्या गेल्या म्हणजे नाहीशा झाल्या नाहीत. कुर्ल्याला सीएसटी रोडवर चक्कर मारा. दारं, काचेची यंत्रं, बिजागऱ्या, डायनामो अजून निघतात. पुढची जाळी डिलाईटची वेगळी, ती मिळणं कठीण. जी आहे ती जपा.

फोटो दिसत नाहीत.

खडूस

विंटेज म्हणे! विंटेज म्हणजे १९१९ ते १९३० मधली गाडी. १९६९ ची फियाट म्हणजे फक्त जुनी गाडी. आणि एवढा पैसा ओतून शेवटी काय, एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, चारी चाकांना ड्रम ब्रेक. भंगारवाला किलोवर चांगला भाव देतो. ह.घ्या. (हलके घ्या).

अर्धापाना

@चौथा_गियर, फोटो परत चढवले. जाळी शाबूत आहे, फक्त निकेल-क्रोम उडालंय.

@खडूस, मी विंटेज शब्द वापरलाच नव्हता, पण तुम्ही काढलात म्हणून. इंग्लंडातल्या क्लबांची विभागणी तुमची बरोबर. आपल्या सरकारच्या लेखी मात्र २०२१ च्या जुलैमधल्या नियमाने पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली आणि मूळ रूपात असलेली दुचाकी-चारचाकी विंटेज. त्या हिशेबाने मामांची गाडी बसते. एसीचं म्हणाल तर पुढच्या त्रिकोणी काचा उघडल्या की वारं थेट कानात.

वेंगुर्ल्याचो

अरे वा! ही गाडी मी बघितलंय. बाजारपेठेत उभी रवायची तेव्हा आम्ही शाळेतली पोरां काचेतसून आत बघायचो. मामांका नमस्कार सांग. आणि काय रे, गाडी बरी झाली की वेंगुर्ल्याक आणतलंस मां? नायतर कोल्हापुरातच ठेवतलंस?

खाऱ्या वाऱ्याचा म्हणशील तर आमच्याकडे फ्रीजची मागची जाळी पण टिकत नाय. तुझ्या गाडीन एवढी वर्षां काढल्यान, ह्याच खूप.

शंकासूर

वाचतोय. काही शंका, क्रमाने उत्तर दिलंत तरी चालेल, नाही दिलंत तरी परत विचारीन.

साखर कारखान्याची मळी सहज मिळते का? इथे सांगलीत चारी बाजूंना कारखाने आहेत. आमचे मिस्त्री म्हणतात, घासून रेड ऑक्साईड मारा, तीस वर्षं बघायला नको, हे खरं का? आणि पायदान कापून काढताना गाडी मधून वाकत नाही का? शेवटचं, ॲल्युमिनियमचे भाग पण त्या सोड्याच्या टबात टाकू का?

लेथवाला

शंकासूर भावा, शेवटच्याचं उत्तर आधी देतो, कारण तू टाकून बसशील. ॲल्युमिनियम सोड्यात टाकायचं नाही. सोडा खातो त्याला. कार्बोरेटर, हेड, पेट्रोल पंपाची बॉडी, दाराची हँडलं यातलं काही टबात नाही आणि काकवीतही नाही. ते रॉकेल आणि नरम ब्रश.

आमचं दुकान कोल्हापूरच्या उद्यमनगरात. फियाटची इंजिनं एके काळी आठवड्याला यायची, आता वर्षातून एखादं येतं आणि सगळी पोरं बघायला जमतात. अर्धापाना, इंजिन फिरतंय का जाम हाय ते लिहिलं नाहीस. जाम असलं तर सेल्फ (स्टार्टर) मारायचा मोह आवर. प्लग काढ, चारी भोकांतून डिझेल आणि गियरबॉक्सचं पातळ तेल अर्धं-अर्धं ओत, राहू दे. मग पुलीच्या नटाला पाना लावून हातानं थोडं पुढं, थोडं मागं. जोर नाही, कळ काढायची. सुटलं की चारी भोकांवर चिंध्या ठेवून फिरव, नाहीतर तोंडावर तेल उडतंय.

मूळ बोर (सिलिंडरचा व्यास) ६८ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५. बोर घासला असला तर वरच्या मापाचे पिस्टन बघून मग बोरिंग करायचं. लोक आधी बोरिंग करतात आणि मग पिस्टन शोधत फिरतात. पिस्टन हातात आला, मायक्रोमीटरनं मोजला, मग सिलिंडर मशीनवर चढवायचा. हेच नाद खुळा काम.

अर्धापाना

@लेथवाला, इंजिन हाताने अर्धा फेरा फिरतं आणि अडतं. तुमचा डिझेलचा उपाय कालच चालू केला. पुढच्या आठवड्यात हेड उतरवून तुमच्याकडेच घेऊन येतो, पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

@शंकासूर, क्रमाने.

मळी: कारखान्याच्या मळीवर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण असतं, दारू तिच्यापासूनच होते ना. कॅन घेऊन गेटवर उभं राहिलात तर विचारपूस होईल. मी गुऱ्हाळावरून काकवी आणली. महाग पडते, पण लहान भागांना पुरते. गुऱ्हाळवाल्याने विचारलं, "पाव्हणं, एवढी काकवी कशाला?" मी म्हटलं गाडीला. तो पुढे काही बोलला नाही.

पायदान: वाकते, आणि म्हणूनच घाईने कापायचं नाही. दारं बसवलेली ठेवायची. दार आणि बॉडीमधली फट चहूबाजूंनी मोजून लिहून ठेवायची. मग दाराच्या चौकटीत आडवी-तिरकी लोखंडी अँगल ठोकून, म्हणजे वेल्डिंगचे टाके मारून, चौकट जखडायची. गाडी चाकांवर नाही, घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवायची आणि घोडे सस्पेन्शनच्या मजबूत जागांखाली. एका वेळी एकच बाजू. डावं पायदान पुरं झालं, दार नीट लागतंय बघितलं, मगच उजवं. दोन्ही एकदम कापलीत तर गाडी मधून बसते आणि मग कुठलंच दार आयुष्यात लागत नाही.

रेड ऑक्साईडचं उत्तर मला द्यायचंय, पण इथे माझ्यापेक्षा जाणकार कुणीतरी असेल.

ताकभात

आहे. रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे इथे गप्प बसवत नाही.

दादा, रेड ऑक्साईड वाईट नाही, पण त्याच्याकडून जे मागतात ते त्याच्याने होत नाही. तो सच्छिद्र असतो. वरून रंगाचा थर लगेच चढला तर ठीक, पण लोक प्रायमर मारून गाडी पावसाळाभर तशीच ठेवतात आणि ओल आरपार पत्र्यापर्यंत जाते. गॅरेजमध्ये तांबड्या रंगाखाली गंज झाकलाही छान जातो, रंगच तसा आहे. गाडीला दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर वापरा. तो बंद थर देतो. लांबीसुद्धा उघड्या पत्र्यावर नाही, इपॉक्सीच्या वर. पॉलिएस्टरची लांबी ओल शोषते, खाली नागडा पत्रा असला तर गंज लांबीखालूनच सुरू होतो.

फॉस्फोरिक आम्लाचं मिळतं ते गंज-परिवर्तक पुष्कळ जण मारतात. चांगलं आहे, उरलेल्या गंजाचं लोह फॉस्फेट करतं. पण सैल पापुद्रे आधी घासून काढलेले हवेत, आणि इपॉक्सी मारण्याआधी आम्लाचा चिकट अंश पाण्याने धुऊन पत्रा पूर्ण वाळलेला हवा. नाहीतर इपॉक्सी धरत नाही. डब्यावरची सूचना वाचा, प्रत्येकाची वेगळी असते.

आता जे कुणी लिहिलं नाही ते. त्या काळच्या ब्रेक लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ड्रम उघडल्यावर काळी धूळ दिसते ती तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकू नका. पाण्याने भिजवा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. जुन्या रंगात शिसं असण्याची दाट शक्यता, म्हणून पॉलिश पेपर ओलाच वापरा, आणि लहान मुलं अंगणात असतील तर त्या दिवशी त्यांना मामाकडे पाठवा. टबातून जो वायू निघतो तो हायड्रोजन. उघड्यावर ठेवा, शेजारी विडी नको, आणि चिमटे काढायच्या आधी चार्जर बंद.

शेवटचा हात पीयू (पॉलियुरेथेन) रंगाचा देणार असाल तर तो घरी मारू नका. त्यातल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साध्या कापडी मास्कने ते अडत नाही, दम्यासारखा त्रास कायमचा लागू शकतो. बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्या रंगाऱ्याकडे द्या. जुना एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग स्वतः मारता येतो, पॉलिशही सुरेख धरतो, पण टिकाऊपणात पीयूच्या मागे.

खडूस

ताकभात ताई, तुमचा प्रतिसाद धाग्यापेक्षा चांगला आहे.

(धागाकर्त्याने जळजळीवर इनो घ्यावा.)

बर्मिंगहॅमकर

मजा आली वाचून. इथे हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून मीठ टाकतात, त्यामुळे वेंगुर्ल्याची आणि आमची व्यथा एकच. फरक इतकाच की तुमचं मीठ वाऱ्यावरून येतं, आमचं चाकांतून खालून मारा करतं. इथल्या जुन्या गाडीवाल्यांचं पायदानाचं दुखणं ठरलेलं.

एक भर घालतो. नवीन पायदान बसवून झालं की त्याच्या पोकळीत आतून मेण मारा, पोकळ जागांसाठी वेगळं पातळ मेण मिळतं. लांब नळी, टोकाला चहूकडे उडणारा नोझल, भोकातून आत सरकवून ओढत बाहेर आणायची. बाहेरून कितीही इपॉक्सी मारा, वेल्डिंगच्या उष्णतेने आतल्या बाजूचा प्रायमर जळतोच आणि तिथे तुमचा ब्रश पोचत नाही. मेण पोचतं. फक्त वेल्डिंग सगळं आटोपल्यावर. आधी मारलंत तर पेट घेईल. आणि पाणी जायची भोकं मेणाने बुजली नाहीत ना ते तारेने तपासा.

रच्याकने (बाय द वे), इथे ४० वर्षांवरच्या गाड्यांना, मूळ रूपात असल्या तर, वार्षिक तपासणी आणि रस्ताकर दोन्ही माफ. म्हणून दर रविवारी आजोबा मंडळी सहकुटुंब बाहेर.

शंकासूर

परत आलो. वेल्डिंग कुठलं? आमच्या कोपऱ्यावर ग्रिल-गेट बनवणारा आहे, तो स्वस्तात करून देतो म्हणतो.

लेथवाला

गेटवाल्याला गेट करू दे भावा. त्याचं आर्कचं मशीन पाच मिलिमीटरच्या अँगलसाठी. गाडीचा पत्रा २० गेजचा, म्हणजे मिलिमीटरहूनही बारीक. रॉड टेकला की भोक, ते बुजवायला गेलं की शेजारी दुसरं भोक. जुने टिंकर (पत्र्याचे मिस्त्री) गॅसवर करायचे, हात असेल तर फार सुंदर होतं, पण उष्णता पसरती आणि पत्रा लाटा मारतो. आत्ता सीओटू वेल्डिंग करून घे. बारीक वायर आणि टाका मारल्यासारखं. एक टाका इथं, दुसरा वीतभर लांब, तिसरा मधे. बोटानं हात लावून गार झालं बघायचं, मग पुढचा. सलग रेघ ओढणारा मिस्त्री दिसला की गाडी घेऊन परत ये.

आणखी एक, हे कळकळीनं सांगतो. पेट्रोलची टाकी गाडीवरून उतरवल्याशिवाय ठिणगी उडवू नका. आणि उतरवलेल्या टाकीला भोक असलं तर "रिकामीच हाय" म्हणून वेल्डिंग करायला देऊ नका. रिकाम्या टाकीत वाफ असते, ती पेट्रोलपेक्षा वाईट. बॅटरीची वायर पण काढून ठेवा.

चौथा_गियर

टाकीवरून आठवलं. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर टाकीच्या तळाशी पाणी साचतं आणि आतून गंज धरतो. शिवाय १९६९ च्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा या इंधनासाठी बनलेलेच नाहीत, फुगतात, मग तडकतात. धागाकर्त्याने नळ्या सरसकट बदलाव्यात आणि फ्लोरो-रबरच्याच घ्याव्यात. नळी फुटून पेट्रोल गरम मॅनिफोल्डवर पडलं तर सगळी काकवी वाया.

लेथवाले, हेडचं काय? शिसंवालं पेट्रोल तर २००० साली देशभर बंद झालं. सीटना जपणारं शिसं गेलं, मग व्हॉल्व्हच्या सीट झिजणार नाहीत का?

लेथवाला

फियाटचं हेड ॲल्युमिनियमचं, त्यामुळं सीट मुळातच वेगळ्या रिंगा बसवून केलेल्या. झिजल्या असल्या तर काढून कडक मटेरियलच्या बसवायच्या, आमच्याकडं ते रोजचं काम. हळू चालवायची गाडी असली तर घाई पण नाही. आधी हेड सपाट हाय का वाकलंय ते प्लेटवर ठेवून बघू. या गाड्यांची हेडं तापून वाकतात, लोक रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालतात आणि वॉटर जॅकेट (इंजिनातली पाण्याची पोकळी) चुन्या-गंजानं भरतं.

अर्धापाना

थोडी प्रगती कळवतो. हेड उतरलं. तिसऱ्या सिलिंडरमध्ये बोरवर गंजाची कडी होती, पिस्टन जिथे इतकी वर्षं थांबला होता नेमकी तिथे, अंगठीसारखी गोल. फेरा तिथेच अडायचा. लेथवाल्यांनी माप घेतलं: बोर करावाच लागणार, पिस्टन आधी मिळवायचे. त्यांनी सांगितल्याप्रमाणे पिस्टन हातात येईपर्यंत ब्लॉक मशीनवर जाणार नाही.

डावं पायदान बसलं. नवीन पेटी तयार मिळाली नाही, म्हणून टिंकरने १८ गेजचा पत्रा वाकवायच्या मशीनवर वाकवून केली, मूळच्यापेक्षा किंचित जाड. जुनी पेटी कापली तेव्हा आतून परातभर लाल माती निघाली, आणि तीत एक आठ आण्याचं नाणं. मामांना फोन करून सांगितलं. म्हणाले, "माझंच असेल, ठेव जपून." दार आता एका बोटाने लागतं.

वेल्डिंग स्वतः शिकायचा विचार सोडून दिला आहे. गंज काढणं, टोचणं, मोजणं, प्रायमर, वायरिंग, आतल्या गाद्या हे घरी. पत्र्याचं वेल्डिंग, बोर आणि शेवटचा रंग बाहेर. हौसेच्या माणसाने रेघ इथे ओढावी असं माझं मत. ज्या कामात चूक दिसते ते घरी करा, ज्या कामात चूक आत दडून राहते ते ज्याचा हात रोज चालतो त्याला द्या.

शंकासूर

कागदपत्रांचं काय? विंटेज नोंदणी करणार का? व्हीए नंबर मिळतो ऐकलं.

अर्धापाना

पुष्कळ विचार केला आणि नाही ठरवलं. कारणं देतो, कुणाच्या उपयोगी पडतील.

विंटेज नोंदणीचं नवं शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,०००. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर. व्हीए मालिकेचा नंबर नव्याने नोंदणाऱ्या गाडीला, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो. इथवर छान आहे. पण अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच. आणि आमचा बेत तर रविवारी पन्हाळ्याला झुणका-भाकर खायला जायचा.

म्हणून साधी खासगी नोंदणीच चालू ठेवतोय. १५ वर्षांनंतर दर पाच वर्षांनी तपासणी, नूतनीकरण आणि हरित कर. ब्रेक, दिवे, हॉर्न, पीयूसी व्यवस्थित पाहिजे. नाव बदलायला मामांनी सह्या करून दिल्या आहेत. एक गंमत मात्र झाली: १९६९ साली वेंगुर्ला रत्नागिरी जिल्ह्यात होतं, सिंधुदुर्ग १९८१ ला वेगळा झाला. त्यामुळे मूळ नोंद नेमकी कुठल्या कपाटात, याचा शोध चालू आहे. आरसी पुस्तक मामींनी पत्रिकांच्या पेटीत ठेवलं होतं म्हणून वाचलं.

ज्यांना विंटेजच करायचंय त्यांनी चासी, बॉडी, इंजिनात मोठे बदल करू नयेत, नियमाची तीच मुख्य अट आहे. माझ्यासारखं पायदान बदलावं लागलं तर कापण्याआधीचे, कापतानाचे आणि नंतरचे फोटो ठेवा. तपासणीला समिती असते, दाखवायला हातात काहीतरी हवं.

खडूस

मालक, एक मान्य करतो. भंगाराचा सल्ला मागे घेतो. पण रंग कुठला ते अजून सांगितलं नाहीत. मी लाल म्हणतो.

अर्धापाना

मामांचा आदेश आला आहे: "होता तोच." बॅटरीच्या ताटाखाली ऊन न लागलेला मूळ रंगाचा तुकडा सापडला, फिकट राखाडी-हिरवा. ताकभात ताई, तो तुकडा पाठवला तर तुमच्याकडे मशीनवर जुळवता येईल का? छपरावरचा घेतला असता तर उन्हाने उडालेलाच रंग जुळून आला असता.

ताकभात

जुळवता येईल. निदान तळहाताएवढा सपाट भाग हवा. पॉलिश मारू नका, ओल्या मऊ फडक्याने फक्त धूळ पुसा. व्यनि केलाय.

वेंगुर्ल्याचो

खडूस, लाल काय? वेंगुर्ल्यात ती गाडी कोणी वळखूची नाय मग.

अर्धापाना

सध्याची अडचण: काचेच्या खालचं रबर, म्हणजे दाराच्या वरच्या कडेला काच घासत जाते ती मखमली पट्टी. आठ लागतील, दर दाराला आत एक आणि बाहेर एक. टॅक्सीच्या दारांतून निघालेल्या मिळाल्या, पण सगळ्या वाळून कडक झालेल्या, त्या बसवल्या तर पाणी परत दारात. मीटरवर विकतात ती नवीन पट्टी बसते का, कुणी बसवली आहे का?

चौथा_गियर

मीटरवरची बसते, पण तळाची जाडी बघून घ्या. जाड घेतलीत तर काच वर चढताना हँडल तुटेल. मी बुधवारी पुण्यात जुन्या बाजाराला जातोय, तिथून नाना पेठेत पण चक्कर होईल. जुन्या पट्टीचा वीतभर तुकडा कुरियर करा, फोटोवरून जमणार नाही.

शंकासूर

मी पण येऊ का? शंका आहेत.